कंटेनर कंपनीत नोकरी: जहाजावर की बडोद्यातच? (मुलगा बारावी, भाची बीकॉम)

बाजवाडा_आई
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा बारावी झाला, पीसीएम. जेईई दिली आहे, मार्क ठीकठाक. गेल्या वर्षभरापासून मर्चंट नेव्हीचं खूळ डोक्यात आहे, त्यातही टँकर नको, कंटेनरचंच जहाज हवं. नात्यातला एक मुलगा ‘मर्स्कमध्ये आहे’ (मोठी कंटेनर कंपनी) असं सगळे कौतुकाने सांगतात, पण तो नक्की काय करतो ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही.

अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. ‘पक्कं जॉइनिंग’ म्हणून त्याने भलामोठा आकडा सांगितला, निम्मे रोख, पावती उरलेल्या निम्म्याचीच. ह्यांचं म्हणणं, घराजवळ लालबागला गतिशक्ती विद्यापीठ आहे, तिथे बघ. सासूबाईंचा एकच धोशा, समुद्रावर नको. शिवाय भाची बीकॉम होऊन घरी बसली आहे, तिला कुणीतरी ‘शिपिंग डॉक्युमेंटेशन’ सुचवलंय. हे सगळं एकाच धंद्यातलं आहे का? आपल्या बडोद्यात समुद्र नाही, तर इथे शिपिंगवाले करतात काय? जाणकारांनी सांगावं.

सुरसागर_काठी
पहिला प्रश्न, जहाजावर सेव उसळ मिळते का? बाकी नंतर बघू.

डेकवरून
नाही मिळत. सेवेची पाकिटं घरून न्यायची, ती पहिल्या महिन्यातच मेसमध्ये संपतात.

ताई, मी वाडीतला, सध्या कंटेनर जहाजावर सेकंड ऑफिसर. आत्ता सुट्टीवर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मुलाला कंटेनर का हवंय ते विचारा. व्हिडिओत सिंगापूर, रॉटरडॅम दिसतं म्हणून असेल, तर वेळीच समजवा. बंदरं भरपूर लागतात हे खरं, पण आधुनिक टर्मिनलवर जहाज एखादा दिवस थांबतं, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यात शेकडो डबे, म्हणजे कंटेनर, उतरतात, शेकडो चढतात. गावात जायला वेळ कुणाला? मी कित्येक बंदरांचा फक्त क्रेनखालचा भाग पाहिलाय.

काम काय असतं ते एका उदाहरणाने सांगतो. प्रत्येक डब्याची जहाजावरची जागा सहा आकड्यांत लिहिलेली असते. समजा ३३०४८२. पहिले दोन आकडे बे, म्हणजे जहाजाच्या लांबीत कुठे. विषम आकडा म्हणजे वीस फुटी डबा, सम म्हणजे चाळीस फुटी. मधले दोन रो, सम असेल तर डाव्या अंगाला, विषम तर उजव्या. शेवटचे टियर, ८२ म्हणजे डेकवरचा सर्वांत खालचा थर. पहाटे तीन वाजता, पावसात, हातात टॉर्च आणि भिजलेला बे प्लॅन (कुठला डबा कुठे याचा नकाशा) घेऊन कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, हे ताडून बघतो. रीफर (माल थंड ठेवणारा डबा) असेल तर प्लग लागलाय का, तापमान किती दाखवतंय. धोकादायक रसायनाचा डबा असेल तर तो ठरलेल्याच जागी आहे ना, दारावरचा स्टिकर कागदाशी जुळतो ना. लॅशिंगचे, म्हणजे डबे बांधून ठेवणारे, रॉड कसलेत का. हे सगळं आवडणारा मुलगा टिकतो.

समुद्रावर माझा वॉच (पहाऱ्याची पाळी) बारा ते चार, रात्री आणि दुपारी. नियमाने चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. लागोपाठ बंदरं आली की हे तास कागदावर बसवताना नाकीनऊ येतात. कंटेनरमध्ये ही खरी अडचण, वादळबिदळ नंतर. टँकरवाल्यांवर तपासण्यांचा ताण जास्त, पण झोप बरी मिळते, असं माझे बॅचमेट म्हणतात.

खारीवाव९०
पण पगार टॅक्स फ्री ना? तेवढ्यासाठी झोप गेली तर गेली!

डेकवरून
सरसकट नाही. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला, तर अनिवासी ठरतो. मग परदेशी फेऱ्यांवरचा पगार एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात आला की त्यावर इथे कर नाही. काँट्रॅक्ट लवकर संपून घरी बसलात, दिवसांचं गणित चुकलं, की सगळ्यावर कर. आणि एक गोष्ट लग्नाच्या बाजारात कुणी सांगत नाही: बहुतेक कंपन्यांत पगार काँट्रॅक्टपुरता. घरी असताना शून्य. कॅडेटला तर महिन्याला काही शे डॉलर स्टायपेंड, तोही जहाजावर असेपर्यंतच.

इंजिनरूम_काका
मी निवृत्त चीफ इंजिनिअर, राहायला मांजलपूर. वरची चर्चा वाचली, ठीक आहे, पण मूळ मुद्दा राहिला.

बाजवाडा ताई, तुमच्या नात्यातला मुलगा ‘मर्स्कमध्ये’ आहे म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. जहाजाच्या अंगावर भल्यामोठ्या अक्षरांत जे नाव रंगवलेलं असतं, तो बहुतेक वेळा डबे बुक करणारा असतो. जहाज त्याच्या मालकीचं असेलच असं नाही, खलाशी त्याच्या पगारावर असतीलच असंही नाही. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा पूल ज्या ‘दाली’ जहाजाच्या धडकेने पडला, ते घ्या. जहाज मर्स्कने चार्टरवर (भाड्याने) घेतलेलं, मालक कंपनी सिंगापूरची, झेंडा सिंगापूरचा, जहाज चालवणारी मॅनेजमेंट कंपनी तिसरीच, आणि वर वीसहून अधिक खलाशी, बहुतेक सगळे आपले भारतीय. पूल पडायच्या आधी जहाजावरून मेडे (संकटाचा संदेश) गेला म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली. तरी पुलावर काम करणारे सहा जण गेले. मग चौकशीपायी ते खलाशी कित्येक आठवडे जहाजावरच अडकून पडले. त्या काळात त्यांच्या घरच्यांना रोज विचारायचं कुणाला होतं? ज्या कंपनीशी करार केला, तिला.

म्हणून ‘कंटेनर कंपनी’ म्हणजे एमएससी, मर्स्क, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड ही नावं पाठ करून उपयोग नाही. काही लाइन्सची (जहाज कंपन्यांची) स्वतःची भरती आहे, बाकीचे मॅनेजमेंट कंपनीमार्फत माणसं घेतात. विचारायचं ते हे की करारावर सही कुणाची, आणि त्यांच्याकडे डीजी शिपिंगचं (जहाजवाहतुकीचं सरकारी खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स आहे का. ती यादी डीजी शिपिंगच्या साइटवर कुणालाही बघता येते.

अलकापुरीच्या त्या गृहस्थांबद्दल स्पष्ट सांगतो. नोकरीवर लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. कोर्सची फी ही कॉलेजला, चेकने, पूर्ण पावतीसह. निम्मे रोख मागतो म्हणजे तो काय विकतोय ते तुम्हीच ओळखा. तिकडे परत पाऊल टाकू नका.

क्रम असा ठेवा. आधी डोळे. डेकसाठी चष्म्याविना ६/६ लागतं, इंजिनसाठी ठरावीक नंबरापर्यंत चष्मा चालतो, पण रंगांधळेपणा दोन्हीकडे बाद. मुलांना स्वतःलाच माहीत नसतं की लाल-हिरव्यात गडबड आहे. ही तपासणी डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करा, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे नको. मग आयएमयू-सीईटी, म्हणजे सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. बारावीला पीसीएममध्ये साठ टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत पन्नास हवेत. मग कंपनीची स्पॉन्सरशिप. आणि ती हातात आल्यावरच फी.

स्पॉन्सरशिप म्हणजे कंपनी लेखी देते की कोर्स झाल्यावर आमच्या जहाजावर घेऊ. डीएनएसच्या (बारावीनंतरचा डेक ऑफिसरचा कोर्स) एका वर्षानंतर अठरा महिने जहाजावर काढल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. कंपनीच नसेल तर हे अठरा महिने आणायचे कुठून? आपल्या गुजरातेत आणि महाराष्ट्रात कोर्स करून, सीडीसीचं (खलाशाच्या ओळखीचं) पुस्तक खिशात घेऊन, मुंबईत मॅनिंग (खलाशी भरतीच्या) ऑफिसांच्या पायऱ्या झिजवणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. हुशार मुलं. कुणीतरी क्रम उलटा सांगितलेला.

कलाभवन_मेक
काका, मी एमएसयूमधून मेकॅनिकल करतोय, शेवटचं वर्ष. मला जीएमईने (इंजिनिअरिंगच्या पदवीनंतरचा मरिन कोर्स) जाता येईल ना? बारावीनंतर डीएनएस करायचं की आधी इंजिनिअरिंग करून इंजिन साइडला यायचं, यात बरं काय?

इंजिनरूम_काका
येईल. मेकॅनिकलच्या पदवीनंतर एका वर्षाचा जीएमई, मग सहा महिने समुद्रावर, मग क्लास फोरची (इंजिन ऑफिसरची पहिली) परीक्षा. कलाभवनची, म्हणजे एमएसयूच्या इंजिनिअरिंगची, मुलं इंजिनरूममध्ये चांगली निघतात, वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले असतात. अर्थात मी स्वतः तिथलाच, तेव्हा माझं मत अर्धं सोडून द्या.

बरं काय विचारशील तर तुझ्या मार्गात एक सोय आहे. समुद्र नाही मानवला, तर हातात साधी मेकॅनिकलची डिग्री आहे. मकरपुरा जीआयडीसीत कुठेही उभा राहू शकतोस. बारावीनंतर थेट डीएनएसला गेलेल्याला पहिली काही वर्षं परतीचा रस्ता अरुंद. बाजवाडा ताईंच्या मुलाला मी म्हणेन, बीएससी नॉटिकल किंवा बीटेक मरिनचाही विचार कर, निदान पदवी तरी हातात राहते.

सुरसागर_काठी
आपल्या देशाची स्वतःची मोठी कंटेनर लाइन का नाही हो काका? एवढे खलाशी आपले, मालक सगळे डेन्मार्क, स्वित्झर्लंड, फ्रान्सचे.

इंजिनरूम_काका
दुखरी नस दाबलीस. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद हिराचंद त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी. त्या तारखेला अजून नॅशनल मेरिटाइम डे पाळतात. ते जहाज त्याआधी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे होतं, पहिल्या महायुद्धात इस्पितळाचं जहाज म्हणून चालवलेलं. एवढी परंपरा सांगायची, आणि आज जगातल्या पहिल्या दहा कंटेनर कंपन्यांत भारताची एकही नाही. सरकारी शिपिंग कॉर्पोरेशन १९६१ पासून आहे, पण तिच्याकडे कंटेनरची जहाजं मोजकीच. हा धंदा मोठ्याचाच: चोवीस हजारांवर डबे नेणारं जहाज भरायला तेवढा मालही लागतो आणि तोट्याची वर्षं काढायला भांडवलही. कोरियाची हांजिन २०१६ मध्ये बुडाली तेव्हा तिची जहाजं बंदराबाहेर उभी, कारण पैसे मिळतील की नाही म्हणून बंदरवाले आत घेईनात. डबे वर, खलाशी वर, आणि खाली कुणी विचारत नाही.

दशरथ_यार्ड
मी उशिरा आलो, पण बडोद्यात समुद्र नाही तर शिपिंगवाले करतात काय, हा प्रश्न माझा आहे. मी दशरथच्या आयसीडीत कस्टम्स ब्रोकरकडे कामाला. आयसीडी म्हणजे कोरडं बंदर. नंदेसरीचं केमिकल, मकरपुऱ्याची मशिनरी, औषधं, इथेच डब्यात भरतात, इथेच कस्टम्स होतं, सील लागतं. मग डबा रेकने (मालगाडीने) किंवा ट्रेलरने मुंद्रा, पिपावाव, हजिरा नाहीतर न्हावाशेवाला. मालवाहतुकीचा वेगळा रेल्वेमार्ग झालाय, त्यावर डब्यावर डबा ठेवून गाड्या जातात, त्या आपल्या भागातूनच.

भाचीसाठी सांगतो. डॉक्युमेंटेशन म्हटलं की लोकांना टायपिंग वाटतं. पण बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) एक अक्षर चुकलं तर तिकडे माल सुटत नाही. डब्याचा नंबर चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. नंबर चुकीचा टाइप झाला तर सिस्टिम तिथेच अडवते. पण वजन, मालाचं वर्णन, कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव यांना असा कुणी पहारेकरी नाही, ते डोळ्यांनीच बघायचं. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही. आमच्याकडे नवी मुलं आधी व्हीजीएम, मग शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद), मग बीएलचा ड्राफ्ट तपासणं, असं शिकतात.

डेमरेज आणि डिटेन्शन यातला फरक जिला पहिल्या आठवड्यात कळला, ती पुढे जाते. भरलेला डबा फुकटच्या दिवसांपलीकडे बंदरात पडून राहिला की डेमरेज. बाहेर काढून नेलात आणि रिकामा वेळेत परत केला नाही तर लाइनचा डबा अडवून ठेवल्याचं डिटेन्शन. पार्टी फोन करून ओरडते ती या दोन शब्दांवरून, आणि ओरडा खायला आपणच बसलेले.

आणि नुसतं ऑफिसात बसू नये. यार्डात जावं. रिकामा डबा आला की आत उभं राहून दारं बंद करून घ्यायची. पूर्ण अंधार व्हायला हवा. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक आहे, तो डबा परत. औषधाच्या पावडरीला पावसाचं पाणी लागलं तर कोट्यवधींचा क्लेम. हे एकदा केलेली मुलगी सर्व्हे रिपोर्ट वाचते तेव्हा तिला त्यातला प्रत्येक शब्द दिसतो.

बाजवाडा_आई
बाप रे, मुलीला डब्यात कोंडून घ्यायचं?

दशरथ_यार्ड
बाहेर माणूस उभा असतो ताई. दोन मिनिटांचं काम.

मगरपट्टा_बडोदेकर
मूळ फतेपुऱ्याचा, आता पुण्यात. मोठ्या शिपिंग लाइनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, नाव लिहीत नाही. मर्स्कचं सेंटर पुण्यात आहे, बाकीच्या बऱ्याच लाइन्सची मुंबई-चेन्नईत. ‘मर्स्कमध्ये आहे’ असं सांगणाऱ्यांतले निम्मे समुद्रावर गेलेलेच नसतात, माझ्यासारखे एसीत बसलेले असतात. नात्यातला मुलगा पुण्यात आहे का बघा!

भाचीने इथे यायचं की नाही? पगार बडोद्यातल्या फॉरवर्डरपेक्षा (मालाची वाहतूक लावून देणारा एजंट) बरा, सुट्ट्या, विमा, सगळं नीट. पण काम तुकड्यातुकड्यांत. मी दोन वर्षं फक्त एकाच देशाचे बीएल दुरुस्त केले. डबा कुठे भरतो, कसा दिसतो, मला माहीतच नव्हतं. आणि यातलं साधं टायपिंगचं काम आता सॉफ्टवेअर करायला लागलंय, हे लपवून उपयोग नाही. टिकतात ते कोण? इक्विपमेंटवाले, म्हणजे रिकामे डबे कुठे कमी, कुठे जास्त ते बघून हलवणारे. जहाजाचा स्टोवेज प्लॅन करणारे, म्हणजे कुठला डबा कुठे ते ठरवणारे, त्यात बरेचसे माजी डेक ऑफिसर. प्रायसिंगवाले, म्हणजे भाडं ठरवणारे. आणि अडकलेला माल सोडवू शकणारे. लाल समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली, तेव्हा प्रत्येक फेरीला दहा-बारा दिवस वाढले. रिकामे डबे वेळेत परत येईनात. त्या महिन्यांत इक्विपमेंटवाल्यांना जेवायला वेळ नव्हता, पण बढत्याही त्यांनाच मिळाल्या.

माझं मत: आधी दशरथला वर्षभर, मग इकडे. उलट केलं तर पुढे अडतं.

खारीवाव९०
लाल समुद्राचं निघालंच आहे तर विचारतो, मुलाला पाठवणं सुरक्षित आहे का? ते एमएससीचं जहाज इराणने पकडलं होतं ना?

डेकवरून
एमएससी एरीज, १३ एप्रिल २०२४, होर्मुझजवळ. न्हावाशेवाकडेच येत होतं. २५ जणांत १७ भारतीय. त्यातली केरळची कॅडेट मुलगी आधी सोडली, बाकीचे टप्प्याटप्प्याने सुटले. खोटं कशाला बोलू, धोका आहे. घोषित युद्धजन्य भागात जायला नकार देण्याचा हक्क बऱ्याच करारांत असतो, तिथे जादा भत्ताही असतो. पण हे करारात लिहिलंय का ते सही करण्याआधी वाचायचं. काका वर म्हणाले तेच, सही कुणाशी करतोय ते बघायचं.

निझामपुरा_तन्वी
मध्येच विचारते. मुलींना घेतात का? मी अकरावीत आहे, घरी विषय काढला तर सगळे हसतात.

इंजिनरूम_काका
हसू देत. सोनाली बॅनर्जी २००१ मध्ये देशातल्या पहिल्या महिला मरिन इंजिनिअर झाल्या. कॅप्टन राधिका मेनन यांना बुडत्या मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आकडा अजून थोडा आहे, आणि प्रत्येक जहाजावरचं वातावरण सारखं नसतं, हेही सांगतो. कंपनी निवडताना एकच विचार: तुमच्याकडे सध्या किती मुली समुद्रावर आहेत? उत्तर द्यायला अडखळले तर पुढची कंपनी बघ. अकरावीत आहेस, फिजिक्स आणि इंग्रजी पक्कं कर, सीईटीला तेच लागतं.

बाजवाडा_आई
सगळ्यांचे आभार. कन्सल्टंटला आज फोन करून नाही सांगितलं. त्याने ‘सीट जाईल’ म्हणून बराच दम दिला. काका, तुमच्या यादीवर त्याने सांगितलेल्या कंपनीचं नाव शोधलं, सापडलं नाही.

गतिशक्तीचं कुणी काही बोललंच नाही, ह्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय.

मगरपट्टा_बडोदेकर
चांगलं आहे, पण तो वेगळा रस्ता आहे. केंद्रीय विद्यापीठ, रेल्वे मंत्रालयाखालचं, बीटेकला जेईई मेनवरून प्रवेश. तिथून निघालेला मुलगा लॉजिस्टिक्समध्ये, रेल्वे-बंदरांच्या कामात जाईल, जहाजावर ऑफिसर होणार नाही. त्यासाठी डीजी शिपिंगचाच मार्ग. मुलाला विचारा, त्याला डबा न्यायचाय की डबा कुठे जावा ते ठरवायचंय. दुसरं उत्तर आलं तर लालबाग घराजवळ आहे, सासूबाईही खूश.

बाजवाडा_आई
विचारलं. म्हणतो आधी डोळे तपासू या. शनिवारी अहमदाबादला मान्यताप्राप्त डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

दशरथवाले दादा, भाचीला तुमच्याकडे यार्ड बघायला पाठवू का? तिला ते उजेडाचं फार आवडलंय.

दशरथ_यार्ड
पाठवा. सोमवारी नको, रेक लागलेला असतो, कुणाला मान वर करायला वेळ नाही. मंगळवारी अकरानंतर. आधार कार्ड आणायला सांगा, गेटपास त्यावरच होतो. आणि बूट घालून येऊ दे, चपलेत आत सोडत नाहीत.